'कारण : गांजा' – एक रकाना, एक रेणू आणि आपलं संशोधन

सीबीडी म्हणजे कॅनाबिडिऑल. भांग-गांज्याच्या झाडात शंभरावर कॅनाबिनॉइड सापडतात, त्यातलं हे एक. नशा आणतं ते टीएचसी. सीबीडीने तशी नशा येत नाही. एवढं तर तुम्हाला मोबाइलवर दोन मिनिटांत सापडेल. मला या लेखात वेगळा प्रश्न घ्यायचा आहे. हे साधं वाक्य खात्रीने म्हणायला विज्ञानाला सव्वाशे वर्षं का लागली? पीएच.डी.ची तयारी करणाऱ्यांसाठी हा इतिहास कामाचा आहे, कारण अडचण प्रयोगशाळेपेक्षा जास्त प्रश्न विचारण्याच्या पद्धतीत होती.

आधी पिंपरीची गोष्ट

आपल्या पट्ट्यात आज गाड्यांचे कारखाने डोळ्यांत भरतात, पण पिंपरीची जुनी ओळख औषधाची आहे. हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी इथे १९५४ साली स्थापन झाली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांची मदत त्यामागे होती, आणि १९५५ पासून पेनिसिलिन बनू लागलं. पुढे इथल्याच संशोधन विभागात एम. जे. थिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हॅमायसिन हे बुरशीविरोधी औषध शोधलं. ज्या जिवाणूपासून ते मिळालं, त्याचं नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना. म्हणजे आपल्या गावाचं नाव सूक्ष्मजीवशास्त्रात जाऊन बसलं.

हे इथे का सांगतोय? निसर्गातल्या पदार्थाचं औषध व्हायचं तर ठरावीक पायऱ्या लागतात. नेमका रेणू वेगळा करा, त्याची रचना ठरवा, मात्रा मोजा, मग रुग्णांवर तपासा. पेनिसिलिनने या पायऱ्या झपाट्याने ओलांडल्या. भांगेचं झाड मात्र पहिल्याच पायरीवर अडकून पडलं.

१८३९ : औषध आहे, पण कोणतं?

कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात विल्यम ओ'शॉनेसी नावाचा तरुण डॉक्टर शिकवत होता. १८३९ साली त्याने गांज्याच्या औषधी उपयोगावर एक निबंध वाचला. आधी प्राण्यांवर प्रयोग, मग माणसांवर, अशी त्याची शिस्त होती. त्याच्या नोंदींत आकडीचे झटके येणाऱ्या, जेमतेम चाळीस दिवसांच्या एका बाळाची हकिकत आहे. गांज्याच्या अर्काचे थेंब दिल्यावर झटके थांबले, असं त्याने लिहून ठेवलं.

आता मोह होतो म्हणायचा, की 'बघा, सीबीडीचा गुण आपल्याकडे १८३९ सालीच कळला होता!' थांबा. त्या अर्कात टीएचसी होतं, सीबीडी होतं, आणखीही बरंच काही होतं. झटके कशामुळे थांबले हे त्या नोंदीवरून ठरवता येत नाही. शिवाय अर्काची ताकद दर वेळी वेगळी यायची. आजचा रेणू जुन्या कागदात घुसवणं ही इतिहासलेखनातली नेहमीची घसरण आहे.

१८९३ : रकाना कोणी भरला?

आता आपल्या इलाख्याकडे या. त्या काळी मुंबई इलाख्यात गांज्याची लागवड कायदेशीर होती आणि अहमदनगर जिल्हा तिच्यासाठी ओळखला जायचा. विक्रीवर अबकारी कर होता. दुसरीकडे ब्रिटिश पार्लमेंटमध्ये ओरड सुरू झाली, की गांज्याने हिंदुस्थानातले लोक वेडे होतात आणि सरकार त्यावर महसूल कमावतं. म्हणून १८९३ साली इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन नेमलं गेलं. सात सभासद, त्यांपैकी तीन भारतीय. त्यांनी देशभरातून ११९३ साक्षी घेतल्या.

कमिशनचा सर्वांत शिकण्यासारखा भाग म्हणजे वेड्यांच्या दवाखान्यांची तपासणी. (शब्द त्या काळचा आहे.) पुणे, कुलाबा, रत्नागिरी इथेही असे दवाखाने होते. तिथल्या नोंदवहीत 'वेडाचं कारण' असा एक रकाना असायचा आणि वर्षानुवर्षं त्यात 'गांजा' लिहिलेलं सापडायचं. त्याच आकड्यांवर 'गांज्याने वेड लागतं' हा सगळा वाद उभा होता.

कमिशनने एक सोपी गोष्ट केली: हा रकाना भरतो कोण, ते विचारलं. उत्तर निघालं, बहुतेकदा डॉक्टर नव्हे. रुग्णाला पाठवताना पोलीस किंवा मॅजिस्ट्रेटच्या कचेरीतून एक कागद यायचा, त्यावरचं कारण वहीत उतरायचं. माणूस गांजा ओढतो एवढं कळलं, की कारण 'गांजा'. मग कमिशनने १८९२ सालची गांजा-भांगेच्या नावावर टाकलेली २२२ प्रकरणं एकेक करून पुन्हा तपासली, नातेवाइकांकडे आणि गावात चौकशी लावली. शेवटी ९८ प्रकरणांतच गांज्याचा संबंध मानण्याजोगा ठरला आणि त्यातही ३७ जणांच्या बाबतीत दुसरी कारणं सोबत होतीच. निव्वळ गांजा म्हणता येईल अशी ६१ उरली.

माफक सेवनाने सहसा मोठं नुकसान होत नाही, अतिसेवनाने होतं, असा एकूण निष्कर्ष निघाला. पण तुम्ही लक्षात ठेवायची ती पद्धत. आकडा हाती आला की तो छापण्याआधी त्याच्या उगमापर्यंत चालत जा.

या कमिशनलाही एक मर्यादा होती. त्यांच्याकडे गांजा, चरस आणि भांग अशा तीनच वर्गवाऱ्या होत्या. रेणूची वर्गवारी अजून जन्मायची होती.

१९४० ते १९६४ : नशेच्या शोधात

अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठातल्या रॉजर अ‍ॅडम्सने १९४० साली सीबीडी वेगळं केलं. पण सगळे शोधत होते नशा आणणारा घटक. सीबीडीने नशा येत नाही म्हटल्यावर ते मागे पडलं. इस्राएलमध्ये राफाएल मेशुलम यांनी पोलिसांनी पकडलेला लेबनॉनचा हशीश मिळवून काम सुरू केलं. १९६३ साली सीबीडीची नेमकी रचना आणि १९६४ साली टीएचसी, दोन्ही हाती आले. १८३९ पासून मोजा, भरतात ना सव्वाशे वर्षं?

शरीरात होतं काय?

टीएचसी कुठे जाऊन बसतं हे कळायला १९८८ उजाडलं. मेंदूतल्या त्या रिसेप्टरला सीबी-१ म्हणतात. १९९३ साली सीबी-२ सापडला, तो मुख्यतः रोगप्रतिकारक पेशींत असतो. मधल्या काळात, १९९२ साली, आपल्या शरीरात स्वतः तयार होणारा आणि याच रिसेप्टरवर बसणारा रेणू मिळाला. त्याचं नाव ठेवलं आनंदामाइड, संस्कृतातल्या 'आनंद'वरून.

सीबीडीची तऱ्हा वेगळी. सीबी-१ ला ते टीएचसीसारखं चालू करत नाही. जीपीआर-५५, टीआरपीव्ही-१ अशा इतर ठिकाणी आणि अ‍ॅडेनोसिनच्या वाहतुकीवर त्याचा परिणाम होतो असं दिसतं. फिट्स कमी होण्यामागे यातलं नेमकं काय, यावर अजून काम चालू आहे. तोंडावाटे घेतल्यावर फार थोडं रक्तात पोहोचतं आणि स्निग्ध जेवणासोबत घेतलं तर हे प्रमाण कितीतरी पटींनी वाढतं. यकृतातल्या ज्या एन्झाइम्सवर इतर औषधांची विल्हेवाट अवलंबून असते, त्यांतल्या काहींना ते अडवतं. फिट्सवरचं क्लोबाझाम घेणाऱ्याच्या रक्तात त्या औषधाचा एक सक्रिय अंश यामुळे खूप वाढू शकतो. म्हणजे नशा येत नाही याचा अर्थ परिणामच नाही, असं समजू नका.

१९८० ते २०१७

ब्राझीलमध्ये १९८० साली एक छोटा प्रयोग झाला. औषधांना दाद न देणारे १५ अपस्माराचे रुग्ण. सीबीडी मिळालेल्या ८ पैकी ४ जण जवळजवळ फिट्समुक्त राहिले. पण मोठी चाचणी यायला २०१७ उजाडलं. ड्रॅव्हे सिंड्रोम हा लहानपणीच सुरू होणारा अवघड अपस्मार. त्याच्या १२० रुग्णांत सीबीडी गटाच्या महिन्याच्या फिट्सचा मध्यक १२.४ वरून ५.९ वर आला. प्लासिबो गटात १४.९ वरून १४.१. झोपाळूपणा, जुलाब, यकृताच्या एन्झाइम्समध्ये वाढ हे त्रासही नोंदले गेले. २०१८ साली अमेरिकेत या औषधाला मान्यता मिळाली.

बाटलीवरचा रकाना

आता हे आपल्या दारात आणू. समजा, चिंचवडच्या एका घरात फिट्स येणारं मूल आहे, किंवा चाकणला रात्रपाळी करणाऱ्या कुणाला झोप लागत नाही. ऑनलाइन 'सीबीडी तेल' दिसतं. भारतात अशी उत्पादनं बहुधा 'विजया' अर्क म्हणून आयुर्वेदिक परवान्यावर विकली जातात. एनडीपीएस कायद्याच्या (१९८५) गांज्याच्या व्याख्येत फुलोरा येतो, नुसती पानं आणि बिया येत नाहीत. महाराष्ट्रात भांगेवर दारूबंदी कायद्याची बंधनं वेगळी आहेत.

चाचणीतली मात्रा होती रोज, दर किलो वजनाला २० मिलिग्रॅम. २० किलोच्या मुलाला रोज ४०० मिलिग्रॅम. बाटलीवर एकूण १००० मिलिग्रॅम लिहिलं असेल तर ती अडीच दिवसांत संपेल. चाचणीचा निष्कर्ष रोजच्या चार थेंबांना लावता येत नाही, हे एवढ्या गणितातून दिसतं. आणि लेबल तरी खरं का? २०१७ साली अमेरिकेत ऑनलाइन घेतलेली ८४ उत्पादनं तपासली तेव्हा २६ च लेबलप्रमाणे निघाली. १८ मध्ये टीएचसी सापडलं. ज्या ड्रायव्हरची किंवा कामगाराची लघवी तपासली जाते, त्याची नोकरी यात अडकू शकते. आणि चालू असलेली फिट्सची गोळी परस्पर बंद केली तर जिवावर बेतू शकतं. मेंदूविकारतज्ज्ञाला विचारल्याशिवाय यातलं काहीच करायचं नाही.

तुमच्या नोंदवहीसाठी

सीबीडीवरचा कुठलाही पेपर, बातमी किंवा जाहिरात वाचताना तीन ओळी लिहून ठेवा. एक, इथे बोलणं कशाबद्दल चाललंय: झाड, अर्क की शुद्ध रेणू? दोन, मात्रा किती आणि कोणत्या वाटेने? तीन, हा आकडा पहिल्यांदा कोणी लिहिला आणि त्याला तो कसा कळला? तिसरीचं उत्तर मिळत नसेल, तर तो आकडा तुमच्या प्रस्तावात घेऊ नका. गाइडने आग्रह केला तरी आधी मूळ कागद मागा.