त्रिरश्मी ते पुष्कर : एका प्रवासाची आखणी

प्रवासाची आखणी करायला चार माणसे बसली की प्रत्येकाचा स्वभाव कळून येतो. गेल्या हिवाळ्यात आम्ही काही जुने सोबती असेच नकाशा पसरून बसलो होतो. बेत मोठा होता. नाशिकहून आग्रा रस्त्याने धुळे, तापी उतरून सेंधवा, नर्मदा ओलांडून इंदूर नि तेथून मंदसोर, मंदसोराहून वाट थोडी वाकडी करून चंबळेच्या खोल घळी आणि मुकुंदऱ्याच्या डोंगरांतले राष्ट्रीय उद्यान, मग अजमेर-पुष्कर, आणि अखेर जैसलमेरकडचे मरुभूमी राष्ट्रीय उद्यान. आपल्या सोलापूरकडील नान्नजच्या माळावर जो माळढोक आता दिसेनासा झाला, तो या वाळवंटात अजून तग धरून आहे. तो पाहावा, अशी इच्छा होती.

एकाने मुक्कामांची यादी केली. दुसऱ्याने पेट्रोलचा हिशेब मांडला. नुसत्या पुष्करापर्यंतच नऊशे-साडेनऊशे किलोमीटर भरत होते. तिसरा, वाळूत रुतलेले चाक कसे काढावे, यावर व्याख्यान देऊ लागला. सर्वांचे बोलून झाल्यावर आमच्यातला एक जण, ज्याचा जन्म मालमोटार हाकण्यात गेला तो, एवढेच म्हणाला, "हे सगळं ठीक आहे हो, पण वाटेत पाणी कुठं, अन् गाडी हाकणारा निजणार कुठं?"

बैठक क्षणभर गप्प झाली. आम्हांला मात्र आपल्या पांडवलेण्यांतला एक लेख आठवला. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी, याच नाशिकहून याच पुष्करापर्यंत गेलेल्या एका माणसाने नेमका हाच प्रश्न विचारला होता आणि त्याचे उत्तर दगडावर कोरून ठेवले होते. आम्ही काही पुराणवस्तूंचे पंडित नव्हे. कामगारांच्या कज्जेदलालीतून जो वेळ उरला तो वाचनालयात घालवला, इतकेच. परंतु हा लेख पंडितांसाठी कोरलेलाच नाही. तो वाटसरूंचा लेख आहे.

लेणी चढून गेल्यावर दहाव्या क्रमांकाचे जे मोठे लेणे लागते, ते नहपानाचे म्हणून ओळखले जाते. नहपान हा शक क्षत्रप. भडोचपासून कोकण, नाशिक, जुन्नरपर्यंत त्याची सत्ता पसरली होती. त्याची मुलगी दक्षमित्रा. तिचा नवरा, दिनीकाचा मुलगा उषवदात, म्हणजे ऋषभदत्त. हे लेणे या जावयाने कोरविले नि भिंतीवर आपल्या दानधर्माची यादी लिहविली. तिच्यात बढाई पुष्कळ आहे. तीन लाख गाई दिल्या, सोळा गावे दिली, वर्षाला लाख ब्राह्मणांना जेवू घातले, असे त्यात लिहिले आहे. मोठ्या माणसांच्या याद्या नेहमी अशाच असतात. तो भाग आपण सोडून देऊ.

त्यापुढची वाक्ये मात्र सोडण्यासारखी नाहीत. भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक या चार ठिकाणी त्याने चौसोपी धर्मशाळा बांधल्या, विहिरी नि तळी खणविली, बागा लाविल्या. इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा आणि दाहानुका या सहा नद्यांवर नावा ठेवल्या आणि उतारूंना फुकट पार करण्याची सोय केली. एवढे करून तो थांबला नाही. या नद्यांच्या दोन्ही तीरांवर त्याने बसायला निवारे आणि पाणपोया उभारल्या.

ही नावे नकाशावर मांडून पाहावीत. भरुकच्छ म्हणजे भडोच, त्या काळचे पश्चिमेचे मोठे बंदर. शूर्पारक म्हणजे वसईजवळचे सोपारे, दुसरे बंदर. गोवर्धन आपल्या अगदी शेजारचे. गंगापूरच्या वाटेवर त्या नावाचे गाव आजही आहे. ते घाटमाथ्याचे नाके. आणि दशपूर म्हणजे मंदसोर, माळव्यातून उत्तरेकडे जाणाऱ्या वाटेवरचे ठाणे. म्हणजे दोन बंदरे, एक घाटमाथा नि एक पठार. नद्या पाहाव्यात, तर पारादा म्हणजे पार आणि दमण म्हणजे दमणगंगा. या दोन्ही आपल्याच जिल्ह्यातल्या डोंगरांत उगम पावतात आणि थोडक्या अंतरात समुद्र गाठतात. अशा नद्या लांबीने लहान, पण पावसात भारी खट्याळ. सकाळी गुडघाभर असलेले पाणी दुपारी छातीला लागते. अशा नदीकाठी वाटसरूला कधी कधी दिवस-दिवस खोळंबून राहावे लागे. निवारा आणि पाणपोई एका तीरावर न करता दोन्ही तीरांवर का केली, हे जो असा खोळंबला असेल त्यालाच समजेल. नाव पलीकडे गेलेली असते, नि तहान अलीकडच्याला लागते.

या वाटेवरून कोण जात असे? त्या काळच्या एका ग्रीक दर्यावर्द्याने लिहिलेला 'पेरिप्लस' नावाचा ग्रंथ प्रसिद्ध आहे. भडोचच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे, असे तो सांगतो. पैठणचे मौल्यवान दगड नि तेरचे कापड गाड्यांवर लादून, जेथे धड रस्ता नाही अशा मुलखातून, बंदरावर येते, असेही तो नमूद करतो. त्या गाड्या कोण हाकीत होते, याविषयी दर्यावर्दी काही लिहीत नाही; पण वीस दिवस बैलांमागून चालणारा तो माणूस आमच्या डोळ्यांपुढून हलत नाही. फुकट नाव म्हणजे त्याच्या मजुरीतून उताराचा पैसा न कापला जाणे.

आता उषवदाताच्या स्वतःच्या प्रवासाकडे वळू. लेखाच्या अखेरीस तो सांगतो की, मालव लोकांनी उत्तमभद्रांच्या प्रमुखाला वेढले होते, त्याला सोडविण्यासाठी धन्याच्या हुकुमावरून आपण भर पावसाळ्यात निघालो. मालव आपल्या नुसत्या चाहुलीनेच पळाले, अशीही बढाई आहेच. तेथून तो पुष्करतीर्थावर गेला, स्नान केले, तीन हजार गाई नि एक गाव दान दिले. त्याआधी बार्णासा नदीवर घाट बांधल्याचाही उल्लेख आहे. बार्णासा म्हणजे बनास.

पावसाळ्यात त्या मुलखात सैन्य नेणे म्हणजे काय, हे समजण्यासाठी एक अलीकडचे उदाहरण देतो. सन १८०४ च्या जुलैत इंग्रजांचा कर्नल मॉन्सन पाच पलटणी घेऊन मुकुंदऱ्याच्या खिंडीपलीकडे उतरला होता. यशवंतराव होळकर चाल करून येतात असे कळताच तो मागे फिरला. मागे यशवंतरावांचे घोडदळ, समोर दुथडी भरलेल्या नद्या, वरून पाऊस आणि पोटाला अन्न नाही. कोट्याने दरवाजे उघडले नाहीत. तोफा काळ्या चिखलात रुतल्या, तेव्हा त्यांचे कान बुजवून त्या तेथेच टाकून द्याव्या लागल्या. बनास नदीच्या उतारावर ऑगस्टात पलटणींची दाणादाण उडाली, आणि महिनाअखेरीस जे आग्ऱ्याला पोचले ते फौज म्हणण्याच्या लायकीचे राहिले नव्हते. यशवंतरावांच्या पराक्रमाला यत्किंचितही उणेपणा न आणता आम्ही म्हणतो की, मॉन्सनचा निम्मा पराभव नद्यांनी केला. त्याच्याजवळ तोफा होत्या, पण नावा नव्हत्या. उषवदाताला याच मोसमात याच बाजूला जाऊन परत येता आले, आणि त्याच्या लेखात तलवारीपेक्षा नावांचे नि विहिरींचे वर्णन अधिक आहे. या दोन गोष्टी एकमेकींपासून अगदीच दूर नसाव्यात.

परंतु विहीर खणली म्हणजे काम संपत नाही. तिचा गाळ काढावा लागतो, दोर बदलावा लागतो. सोय एकदा करणे सोपे असते, ती वर्षानुवर्षे चालविणे कठीण. पाणपोयांचा चालू खर्च कसा भागे, ते लेखात नाही. पण कायम दान कसे चालवीत, याचा एक चोख हिशेब याच लेण्यात आहे, आणि तो आम्हां संघटनेच्या माणसांना फार मोलाचा वाटतो. लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या भिक्षूंसाठी उषवदाताने तीन हजार कार्षापण ठेवले. कोठे ठेवले? राजाच्या खजिन्यात नव्हे, सावकाराकडेही नव्हे. गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवले. एका श्रेणीकडे दोन हजार, दरमहा शेकडा एक व्याजाने. दुसरीकडे एक हजार, शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत मागायचे नाही, व्याज तेवढे खर्चायचे. दोन हजारांचे वर्षाचे व्याज दोनशे चाळीस होते, आणि वीस भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी बारा कार्षापण द्यावेत असे लिहिले आहे. बारा विसे दोनशे चाळीस! एका कवडीचा फरक नाही. शिवाय हा व्यवहार नगराच्या सभेत वाचून दाखविला नि दप्तरात नोंदला, असेही सांगितले आहे. हिशेब चारचौघांत वाचून दाखवावा, हे आपल्या सभासदांना पटवताना आम्ही हे उदाहरण अनेकदा दिले आहे.

पुढे आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळी विष्णुदत्ता नावाच्या एका उपासिकेने आजारी भिक्षूंच्या औषधपाण्यासाठी पैसे ठेवले, तेही कुंभार, पाण्याची यंत्रे करणारे नि तेली यांच्या श्रेणींकडेच. कारागिरांच्या संघावर राजघराण्याने नि गृहिणीने सारखाच विश्वास टाकावा, ही या गावची जुनी परंपरा आहे.

मग हे सारे कोठे अडले? सिन्नर तालुक्यातल्या जोगलटेंभी येथे १९०६ साली चांदीच्या नाण्यांचे एक घबाड सापडले. तेरा हजारांहून अधिक नाणी, सारी नहपानाची. आणि त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप मारलेला. राज्य पालटले ते असे. नव्या राजाने जुन्या नाण्यांबरोबर जुन्या जमिनीही हाती घेतल्या. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात त्याचा हुकूम आहे. गोवर्धनचा अमात्य विष्णुपालित याला तो आज्ञा करतो की, पश्चिम कखडी गावातले ऋषभदत्ताच्या ताब्यात असलेले दोनशे निवर्तनांचे शेत त्रिरश्मीच्या भिक्षूंना द्यावे. साल अठरावे.

त्याच भिंतीवर दुसरा हुकूम आहे, साल चोविसावे. राजा आणि राजमाता नव्या अमात्याला कळवितात की, कखडी गावातले जे शेत आम्ही पूर्वी दिले होते ते कसले जात नाही आणि त्या गावात वस्ती नाही. म्हणून नगराच्या सीमेवरच्या राजशेतातली शंभर निवर्तने द्यावीत.

आम्हांला वाटते, साऱ्या लेण्यांत याहून मोठे वाक्य नाही. शेत कसले जात नाही आणि गावात वस्ती नाही. नाण्यावर छाप मारला की नाणे एका दिवसात नव्या राजाचे होते. शेतावर असा छाप मारता येत नाही. कसणारा निघून गेला की दोनशे निवर्तनांचे दान कोऱ्या कागदासारखे उरते. कखडीची माणसे कोठे गेली, हे कोणी कोरून ठेवले नाही. उषवदाताचे नाव राहिले, गौतमीपुत्राचे राहिले. दमणगंगेवर नाव वल्हविणाऱ्याचे, पाणपोईवर घडा भरणारीचे, कखडीच्या कुणब्याचे नाव राहिले नाही. पण तो उठून गेला तेव्हा राजाला आपला हुकूम बदलावा लागला, एवढी नोंद मात्र राहिली. ती थोडी नव्हे.

असो. आमच्या बैठकीकडे परत येतो. त्या दिवशी आम्ही आखणी नव्याने केली. गाडी हाकणाऱ्याच्या खाटेची सोय जेथे नाही तो मुक्काम यादीतून काढला. रोजचा पल्ला शंभर किलोमीटरांनी कमी केला. वाळवंटात गावकऱ्यांच्या टाक्यातले पाणी मागून घ्यायचे नाही, आपले आपण न्यायचे, हे ठरले. कारण तेथे पावसाचे साठवलेले पाणी हेच त्यांचे शेतही असते आणि तिजोरीही. माळढोक दिसला तर दुरून पाहायचा.

आणि एक गोष्ट आपल्या गावापुरती. २०२७ च्या सिंहस्थाच्या निमित्ताने नाशिकच्या रस्त्यांच्या नि पुलांच्या आखण्या आपण सर्वांनी ऐकल्या आहेत. त्या वाचताना प्रत्येकाने आमच्या त्या मालमोटारवाल्या मित्राचा प्रश्न विचारावा : यात पाणी कोठे आहे, आणि जो हे सारे उचलणार आहे, तो निजणार कोठे? ज्या गावाने एकोणीसशे वर्षांपूर्वी नदीच्या दोन्ही तीरांवर पाणपोई घातलेली पाहिली, त्या गावाला हा प्रश्न विचारण्याचा हक्क आहे. पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढून दहाव्या लेण्यापाशी उभे राहावे. अक्षरे वाचता आली नाहीत तरी चालेल. खाली आग्रा रस्त्यावरून मालमोटारी जाताना दिसतात. तेवढे दिसले तरी लेख वाचल्यासारखाच आहे.