उंदरांची स्मरणशक्ती आणि आपली ब्राह्मी

परीक्षा जवळ आल्या की दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो, "डॉक्टर, मुलाला ब्राह्मी चालू करू का?" घरातल्या आजोबांच्या विसरभोळेपणासाठीही हाच प्रश्न असतो. उत्तराआधी थोडा इतिहास पाहू.

उंदराला काय आठवतं, हे त्याच्या वागण्यावरूनच ओळखावं लागतं. १९०१ साली अमेरिकेत विलार्ड स्मॉल यांनी उंदरांना चक्रव्यूहातून खाण्यापर्यंतची वाट शोधायला लावली. चुका कमी होत गेल्या, म्हणजे वाट लक्षात राहिली! १९८१ मध्ये ब्रिटनमध्ये रिचर्ड मॉरिस यांनी पाण्याचं टाकं वापरलं. गढूळ पाण्याखाली लपवलेला चौथरा उंदराने पोहत शोधायचा. तो किती लवकर सापडतो, यावरून त्याची स्मरणशक्ती मोजायची.

आता ब्राह्मीकडे येऊ. १९८२ मध्ये लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेतील सिंह आणि धवन यांनी ब्राह्मीचा अर्क दिलेले उंदीर अधिक चांगलं शिकतात, असं दाखवलं. पुढे २००१ मध्ये ऑस्ट्रेलियात निरोगी माणसांना १२ आठवडे ब्राह्मी दिल्यावर शिकण्याच्या काही कसोट्यांत फायदा दिसला. पण तो अभ्यास लहान होता.

मग घोडं कुठे अडतं? प्रयोगात बरेचदा निरोगी उंदराला स्कोपोलामाइन देऊन तात्पुरतं विसराळू करतात आणि मग औषध तपासतात. अल्झायमरमध्ये मात्र मेंदूच्या पेशी वर्षानुवर्षं हळूहळू मरत असतात. ही दोन्ही दुखणी एक नव्हेत.

माणसांवरची मोठी चाचणी का लागते, हे गिंको या वनस्पतीने शिकवलं. अमेरिकेत ३,०६९ वृद्धांवर सुमारे सहा वर्षं चाललेल्या चाचणीत गिंकोने स्मृतिभ्रंश टळला नाही. हा निष्कर्ष २००८ साली आला.

म्हणून माझं सांगणं एवढंच: आजोबा विसरायला लागले, तर बाटली आणण्याआधी तपासणी करा. बी-१२ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, झोपेच्या गोळ्या, कमी ऐकू येणं यांमुळेही विसर पडतो आणि यांवर उपाय आहेत. टॉनिकच्या भरवशावर गेलेले सहा महिने परत मिळत नाहीत. ब्राह्मी घेत असाल, तर डॉक्टरांना जरूर सांगा. आणि मुलांसाठी? पुरेशी झोप आणि रोजची उजळणी!