मुंबई वेळ : एका संदर्भघड्याळाच्या निवडीचा इतिहास

इलेक्ट्रॉनिक मंडलातील अनेक घटक परस्परांशी सुसंगत चालावयाचे, तर त्या सर्वांनी एकाच दोलकाचा ठेका मानावा लागतो. आज असा दोलक क्वार्ट्झ स्फटिकाची चकती व तिला चालविणारे मंडल यांसह एका चिमुकल्या डबीत बंद करून मंडलपटाच्या पृष्ठभागावरच डाखून बसविला जातो. त्याची निवड करताना वारंवारता, विद्युत्-दाब, संकेताचा प्रकार आणि तापमानानुसार होणारा फरक या गोष्टी पाहाव्या लागतात. दशलक्षांत २० भागांची चूक क्षुल्लक भासते. परंतु दिवसाकाठी ती सुमारे १.७ सेकंद होते. दोलक बसविताना पुरवठ्याच्या टोकालगत धारित्र ठेवणे व संकेताची वाट आखूड राखणे ही पथ्येही पाळावी लागतात. कारण उत्तम दोलकाचा ठेका वाटेत बिघडू शकतो. तात्पर्य, संदर्भ निवडणे हा एक प्रश्न आणि तो सर्वांपर्यंत नीट पोहोचविणे हा दुसरा. मुंबई शहराच्या इतिहासात हे दोन्ही प्रश्न निराळ्या स्वरूपात उपस्थित झाले होते.

ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये कुलाब्यास वेधशाळा स्थापन केली. खगोलीय वेध व कालमापन हे तिचे आरंभीचे प्रयोजन होते. शहराची वेळ सूर्यावरून ठरे आणि ती ग्रीनिचच्या पुढे ४ तास ५१ मिनिटे होती. रेल्वे मात्र मद्रास वेळ पाळू लागली. ती मुंबईच्या वेळेहून सुमारे अर्धा तास पुढे असे. १८८१ मध्ये गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी सरकारी कचेऱ्यांत मद्रास वेळ चालू करण्याचा हुकूम काढला. परंतु लोकमताच्या विरोधापुढे तो टिकला नाही.

१ जानेवारी १९०६ पासून ८२॥ अंश पूर्व रेखांशावर आधारलेली भारतीय प्रमाणवेळ अमलात आली आणि मुंबईची घड्याळे ३९ मिनिटे पुढे करण्याचा प्रसंग आला. ५ जानेवारी रोजी परळच्या जेकब ससून गिरणीतील कामगारांनी काम नाकारले व दगडफेक झाली. या क्षोभास केवळ अज्ञान म्हणून बाजूस सारणे इतिहासदृष्ट्या उचित नव्हे. विजेच्या दिव्यांमुळे गिरण्यांतील कामाचा दिवस त्याच सुमारास लांबला होता. प्रौढ पुरुषांच्या कामास १२ तासांची मर्यादा १९११ च्या कायद्याने यावयाची होती. घड्याळातील आकडा तोच ठेवून घड्याळच पुढे सरकविले, तर कामगाराला सूर्याच्या हिशेबाने ३९ मिनिटे आधी खोली सोडावी लागणार हे उघड होते. परळ-लालबागच्या चाळींत वेळ पोहोचविणारे साधन गिरणीचा भोंगा हेच होते आणि तो वाजविणे मालकाच्या हाती होते. वेळेचा वाद हा अशा रीतीने श्रमाच्या मोजमापाचाही वाद होता.

महानगरपालिकेने आपल्या घड्याळांवर मुंबई वेळच कायम ठेवली. प्रश्न येथे श्रमाचा नसून नागरी स्वाभिमानाचा होता. सरकारने लादलेली वेळ नाकारणे हा प्रतिकाराचा एक सौम्य पण दीर्घजीवी प्रकार ठरला. दोन भिन्न दोलकांवर चालणारी मंडले जोडताना मध्ये समन्वयाची योजना करावी लागते. मुंबईत ते काम नागरिक मनातल्या मनात ३९ मिनिटांची बेरीज-वजाबाकी करून पार पाडीत. स्वातंत्र्यानंतर काही वर्षांतच मुंबई वेळ मावळली. प्रमाणवेळेच्या गणितात तेव्हा काहीही बदल झाला नव्हता. बदलली होती ती तिच्यामागची सत्ता.

आज भारतीय प्रमाणवेळ दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतील अणुघड्याळांवरून राखली जाते आणि १९८२ च्या संपानंतर परळचे भोंगे एकेक करून थांबले आहेत. अचूकता ही दोलकाच्या अंगची गोष्ट आहे. मान्यता मात्र ज्यांनी त्याच्या ठेक्यावर चालावयाचे त्यांच्याकडून मिळवावी लागते. मंडलातील घटकांना हा दुसरा प्रश्न पडत नाही. गिरणगावातील माणसांना तो पडला होता.