उघड्या बाजाराची दारे

मुंबईहून गोव्याकडे जाताना महाड मागे टाकले की पोलादपूर येते, आणि तेथून डाव्या हाताला महाबळेश्वरची वाट फुटते. हीच आंबेनळी घाटाची वाट. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात या बाजूच्या बाजारात तासभर हिंडून पाहावे. डोंगरातल्या वाड्यांवरून पहाटे निघालेल्या बाया डोक्यावरच्या टोपल्या उतरवून रस्त्याच्या कडेला बसलेल्या असतात. टोपलीत नव्या भाताचे पोहे, नाचणी, भोपळा, अळूची पाने. आणि नरकचतुर्दशीला अंगठ्याखाली फोडायची कारिटेही. पलीकडे सुकटबोंबिलाचा वास, अलीकडे कढईत फुलणारी भजी. बाया माल विकून झाल्यावर त्याच पैशांतून एक कप चहा आणि भजीची पुडी घेतात, आणि उरलेले पैसे पदराच्या गाठीला बांधून परत डोंगर चढू लागतात.

या मुलुखाचा इतिहास सांगायचा म्हटले की लेखणी आपोआप रायगडाकडे आणि प्रतापगडाकडे वळते. ते साहजिकच आहे. तानाजी मालुसऱ्यांचे उमरठे पोलादपूरजवळच, आणि शिवचरित्र संस्कृतात गाणाऱ्या कवींद्र परमानंदांची समाधीही पोलादपुरातच. परंतु किल्ल्यावरच्या माणसालाही दोन वेळा जेवावे लागते, आणि घाट चढणाऱ्या बैलाला व बैलामागच्या माणसाला कोठे तरी थांबावे लागते. या थांबण्याच्या जागांनाही इतिहास आहे. बाजाराला भिंत नसते, दार नसते. तेव्हा तो सर्वांना उघडा असणार असे आपण धरून चालतो. ते कितपत खरे होते, एवढेच या लेखात पाहायचे आहे.

आधी वाटेविषयी. सह्याद्रीतल्या अरुंद, चिंचोळ्या घळीला आपल्याकडे नाळ किंवा नळी म्हणतात. महाबळेश्वराच्या माथ्यावर उगम पावलेली सावित्री हा सारा उतार उतरून पोलादपूर आणि महाडवरून जाते व बाणकोटाशी समुद्राला मिळते. भरतीच्या पाण्याबरोबर गलबते खाडीने दासगाव-महाडपर्यंत येत, म्हणून समुद्रापासून इतक्या आत असूनही महाड हे बंदर ठरले. गलबतांतून मीठ, सुकी मासळी आणि नारळ उतरत. ते बैलांच्या पाठीवर लादून घाटमाथ्यावर जाई आणि परतीच्या खेपेला देशावरचे धान्य व गूळ खाली येई. जुनी वाट पार घाटाची. जावळीच्या मोऱ्यांचे बळ पुष्कळसे या वाटांवरच्या ताब्यात होते. १६५६ मध्ये शिवाजीमहाराजांनी जावळी घेतली आणि १६५९ च्या नोव्हेंबरात अफजलखानाची छावणी याच पार गावाशी पडली. पुढे इंग्रजी अमदानीत आंबेनळीतून गाडीरस्ता झाला. १८६७ ते १८७२ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या फिट्झजेराल्डसाहेबांचे नाव त्या घाटाला दिले गेले. लोकांच्या तोंडी मात्र आंबेनळीच राहिली.

अशा वाटेवर बाजार आपोआप वसतो. चढणीच्या आधी भाकरी खायला एक जागा लागते आणि उतरण संपली की घोटभर पाणी प्यायला दुसरी. पोलादपूरला त्याच्या जागेनेच बाजाराचे गाव केले.

आता गडावरचा बाजार पाहू. रायगडावर समोरासमोर चौथऱ्यांच्या दोन लांब रांगा आहेत. त्यांना बाजारपेठ म्हणतात. तेथे दुकानेच होती की आणखी काही, याविषयी अभ्यासकांत वाद आहे. तो त्यांच्यावर सोपवू. राजधानीला दूधदुभते, भाजी आणि सरपण खालूनच चढवावे लागत होते, एवढे कोणालाही पटेल. त्या चढवणाऱ्यांपैकी एकीचेच नाव लोकांनी लक्षात ठेवले आहे. ती म्हणजे हिरकणी. कथा घरोघर ठाऊक आहे: दूध विकायला गेलेली गवळण, सांज होताच बंद झालेले दरवाजे, घरी तान्हे मूल आणि अंधारात उतरलेला तो कडा. ही दंतकथा आहे. तिला कागदाचा आधार शोधू नये. पण दंतकथेलाही एक दृष्टी असते. या कथेत दूध घ्यायला गडाचा दरवाजा उघडा आहे, दूधवालीला घरी जायला तो बंद आहे. महाराजांनी तिचे कौतुक केले आणि बुरुजाला तिचे नाव दिले, असा कथेचा शेवट गोड होतो. दाराबाहेर राहिलेल्या सर्वांच्याच वाट्याला असा गोड शेवट येत नाही.

महाडच्या बाजारात विसाव्या शतकाच्या आरंभी याचाच प्रत्यय येत होता. आसपासच्या खेड्यांतील अस्पृश्य मानलेली माणसे खरेदी-विक्रीसाठी आणि कोर्टकचेरीच्या कामासाठी महाडला येत. या भागातले अनेक महार पलटणीत चाकरी करून निवृत्त झालेले होते. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर त्यांपैकीच. १८८८ साली त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ लिहून रूढीला जाब विचारला. सरकारची बंदूक खांद्यावर घेऊन देशोदेशी गेलेला शिपाई महाडच्या बाजारात आला की मात्र त्याचा पैसा दुकानदार दुरून घेई, माल दुरून टाकी. आणि तहान लागली तर? गावात मोठे तळे होते, त्याचे नावही चवदार. तेथे गुरे पाणी पीत. या माणसांना मनाई होती.

या बाजारात चहाच्या एका साध्या दुकानाने जे केले ते विसरता येणार नाही. दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे हे त्या वेळी विशीतले तरुण कार्यकर्ते. त्यांच्या आठवणींत महाडातील मोहोप्रेकरांच्या चहाच्या दुकानाचा उल्लेख येतो. बाजाराला आलेल्या दलित माणसाला तेथे बूड टेकता येई, कपबशी हातात धरून चहा पिता येई. मोरे तेथे बसून लोकांना अर्ज आणि पत्रे लिहून देत. एकाचे गाऱ्हाणे दुसऱ्याने ऐकावे, दुसऱ्याने आपले सांगावे, असे होता होता ते दुकान म्हणजे लोकांची कचेरीच झाली. स्वस्त खाण्यापिण्याच्या जागेचे हे सामर्थ्य राज्यकर्त्यांच्या सहसा लक्षात येत नाही. दोन पैशांच्या चहाबरोबर तेथे बसण्याचा अधिकार मिळतो, आणि बसलेली माणसे बोलू लागतात.

१९२३ च्या ऑगस्टमध्ये रावबहादूर सी. के. बोले यांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात ठराव संमत करून घेतला: सार्वजनिक पैशाने बांधलेली पाणवठ्याची ठिकाणे आणि धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये त्याप्रमाणे चवदार तळे सर्वांना खुले केल्याचे ठरवले. नगरपालिकेत सुरबानाना टिपणीसांसारखे सुधारक होते. कागदावर दार उघडले. तळ्याच्या पायरीवर पाऊल ठेवायला पुढची तीन वर्षे कोणी धजले नाही.

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर अध्यक्ष होते. हजारो माणसे आपापल्या गावांहून चालत आली. तळे हाकेच्या अंतरावर असताना परिषदेसाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. सोळा आण्यांच्या त्या रुपयाच्या हिशेबाने हे सहाशे चाळीस आणे होतात, आणि ते मोजले कोणी, तर मजुरीवर आणि तुटपुंज्या निवृत्तिवेतनावर जगणाऱ्यांनी. वीस तारखेला बाबासाहेब मिरवणुकीने तळ्यावर गेले, ओंजळभर पाणी प्याले आणि त्यांच्यामागून सारा समुदाय प्याला.

पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. येथे त्यातला अन्नाचा भाग तेवढा पाहू. वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी अफवा उठली आणि जमाव मंडपावर चालून आला. गावी परतण्यापूर्वी लोक जेवत होते. मारहाण झाली, भांडी फोडली, जेवणात माती कालवली. कित्येकांनी मुसलमानांच्या घरांत आसरा घेतला. नंतर पंचगव्याने भरलेल्या एकशे आठ घागरी तळ्यात ओतून पाण्याची ‘शुद्धी’ करण्यात आली, आणि ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला जुना ठराव मागे घेतला.

डिसेंबरात पुन्हा परिषद ठरली तेव्हा बाजारानेच पाठ फिरवली. शहरात जागा मिळेना. ती फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी दिली. दुकानदार माल देईनात, म्हणून दाणागोटा बाहेरून आणावा लागला. बाबासाहेब ‘पद्मावती’ बोटीने निघाले आणि २५ डिसेंबरला दासगावच्या बंदरात उतरून महाडला आले. ज्या खाडीने पिढ्यान् पिढ्या मीठमासळी आली, त्याच खाडीने आता अध्यक्ष आले. त्याच रात्री मनुस्मृतीचे दहन झाले. कोर्टाचा तात्पुरता मनाईहुकूम आल्यामुळे तळ्यावर जाणे तहकूब झाले आणि खटला दहा वर्षे चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला.

आता २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या राज्यघटनेचे पंधरावे कलम काढून पाहा. कोणाही नागरिकाला जात, धर्म, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून जेथे अडवता येणार नाही अशा जागा त्यात नावानिशी सांगितल्या आहेत. प्रारंभीच दुकाने आणि उपाहारगृहे येतात. मग विहिरी, तलाव, स्नानघाट आणि रस्ते. एवढ्या मोठ्या देशाच्या घटनेत दुकान आणि खानावळ कशाला, असे एखाद्याला वाटेल. महाडचा बाजार ज्याने पाहिला त्याला ते वाटणार नाही. हे कलम वाचताना मला दरवेळी मोहोप्रेकरांचे ते दुकान डोळ्यांपुढे येते.

स्वातंत्र्यानंतर या बाजाराचे रूप पालटले. खाडी गाळाने भरत गेली, गलबतांची जागा मालमोटारींनी आणि एस्. टी.ने घेतली. महाड-पोलादपूरची तरुण माणसे मुंबईच्या गिरण्यांत गेली. १९६० नंतर मुंबईत रुळलेला वडापाव त्यांच्याच खिशाला परवडणारा. १९८२ च्या संपानंतर गिरण्या थंडावल्या आणि कित्येकांच्या घरी चूल पेटती राहिली ती बायकांच्या टोपलीवर किंवा रस्त्याकडेच्या एखाद्या कढईवर. १९८१ मध्ये कुलाब्याचा रायगड जिल्हा झाला. टोपली डोक्यावरच राहिली.

२२ जुलै २०२१ रोजी सावित्रीने महाडची बाजारपेठ बुडवली. त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली, आणि आंबेनळीचा रस्ताही जागोजाग खचला. पक्क्या दुकानांचा माल चिखलात गेला. टोपलीवालीचे नुकसान कोणत्या वहीत मांडायचे? तिची वाटच तुटली होती. आता महामार्ग रुंद झाला आहे, कशेडीच्या चढणीला बोगदा झाला आहे. वाहने भरधाव जातात, आणि वाहन थांबलेच नाही तर टोपली कोणासाठी उतरवायची, हा प्रश्न नव्याने उभा राहिला आहे. दार बंद करायला दरवेळी माणूसच लागतो असे नाही. चांगला रस्ताही ते काम करू शकतो.

तेव्हा या दिवाळीत कोकणात जाल तर पोलादपूरला गाडी थोडी बाजूला घ्या. कारिटे घ्या, पोहे घ्या, आणि टोपलीवालीशी पाच रुपयांसाठी घासाघीस करू नका. शेजारच्या टपरीवर चहा मिळेल. बाकावर कोण कोणाशेजारी बसले आहे हे तेथे कोणी विचारत नाही. तो चहा पिताना, याच मुलुखात ओंजळभर पाण्यासाठी माणसांना किती चालावे लागले, याची मनात एकदा आठवण करावी.