खर्डी परिसरातील जमातींची स्वनामे : एक ऐतिहासिक विचार

शहापूर तालुक्यातील खर्डी हे गाव बाहेरच्यांस मुख्यत्वे कसाऱ्याच्या अलीकडील एक रेल्वे स्थानक म्हणून ठाऊक आहे. कसाऱ्यापर्यंत लोहमार्ग १८६१ साली आला आणि १८६५ साली तो थळ घाट चढून इगतपुरीस पोहोचला. ह्या मार्गाच्या दोन्ही अंगांस आणि दक्षिणेकडे मुरबाडच्या बाजूस ठाकूर, कातकरी, महादेव कोळी व वारली ह्यांचे पाडे विखुरलेले आहेत. ह्या साऱ्यांस आज 'आदिवासी' म्हणतात, आणि तेही स्वतःस तसेच म्हणवून घेतात. हा शब्द संस्कृत घडणीचा असून त्यांच्यापैकी कोणाच्याही बोलीत तो जन्मलेला नाही. परक्याने घडविलेले नाव अनेक जमातींचे सामायिक स्वनाम कसे झाले आणि त्याच्या पोटात जुन्या नावांचे काय झाले, हा येथे प्रश्न आहे.

आधी जुनी नावे पाहू जाता त्यांतील कातकरी हे नाव सर्वांत बोलके दिसते. खैराच्या लाकडापासून काथ काढणारा तो कातकरी किंवा काथोडी. १८७८ च्या वन कायद्यानंतर जंगले राखीव होत गेली, खैरतोडीवर निर्बंध आले, आणि धंदा नाहीसा झाला. नाव मात्र उरले. आज ह्या जमातीतील बहुसंख्य माणसे वीटभट्टीवर, शेतावर वा कोळसा पाडण्याच्या कामावर मजुरी करीत आली आहेत; काथाशी त्यांचा संबंध केवळ नावापुरता आहे. त्यातही सोन कातकरी व ढोर कातकरी असा भेद आहे. ढोर कातकरी गोमांस खातात ह्या समजुतीवर तो उभा असून पहिला गट दुसऱ्यास आपल्या पंक्तीस घेत नसे.

ठाकुरांतील भेद ह्याहून चमत्कारिक आहे. क-ठाकूर आणि म-ठाकूर हे दोन गट परस्परांत बेटीव्यवहार करीत नसत. 'क' आणि 'म' ह्या अक्षरांच्या अनेक व्युत्पत्ती सांगितल्या जातात. त्यांतील बहुतेक मागाहून रचलेल्या वाटतात. भाषाशास्त्राच्या दृष्टीने व्युत्पत्तीची येथे फारशी गरजही नाही. ज्याप्रमाणे भाषेतील वर्णास स्वतःचा अर्थ नसतो, शेजारच्या वर्णाहून तो वेगळा असणे एवढेच त्याचे कार्य असते, त्याप्रमाणे 'क' म्हणजे 'म' नव्हे, एवढे सांगितले की ह्या अक्षरांचे काम संपते. ल. ना. चापेकर ह्यांचा सह्याद्रीतील ठाकुरांवरील इंग्रजी ग्रंथ १९६० साली प्रसिद्ध झाला. त्या जमातीच्या अभ्यासकास तो आजही टाळता येत नाही.

बोलींच्या साक्षीने ह्या गटांची एकी किंवा फारकत ठरविता येईल, अशी कोणाची अपेक्षा असल्यास ती व्यर्थ आहे. ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात (१९०५) ठाकरी, कातकरी व वारली ह्यांना मराठीच्या कोकणातील रूपांबरोबरच स्थान दिलेले आहे.

एकीचे पहिले सूत्र शासनाने ओढले आणि ते जमातींवरून नव्हे, भूमीवरून ओढले. १९३५ च्या कायद्यास अनुसरून १९३६ साली जे 'अंशतः वर्जित' प्रदेश ठरविले गेले, त्यांत ठाणे जिल्ह्यातील डहाणू व शहापूर हे तालुके आणि मोखाडा व उंबरगाव हे पेटे होते. शेजारचे मुरबाड नव्हते. डोंगर तेच, जमाती त्याच. रेषा मात्र मधून गेली. ती अजूनही पुरती पुसलेली नाही. १९८५ च्या आदेशानुसार शहापूर तालुका सबंध अनुसूचित क्षेत्रात आहे, तर मुरबाडची काही गावेच त्यात आहेत.

'आदिवासी' हा शब्द ह्याच काळात रूढ होऊ लागला. छोटा नागपुरात १९३८ साली आदिवासी महासभा ह्या नावाने संघटना उभी राहिली. मुंबई इलाख्यात ठक्कर बाप्पांच्या कार्यामुळे शब्द पसरला, आणि बाळासाहेब खेर ह्यांनी १९४० साली स्थापिलेल्या आदिवासी सेवा मंडळाने तो ठाणे जिल्ह्यात आणला. येथवर तो सेवकांचा शब्द होता: 'ते' आदिवासी. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळा येथे किसान सभेचे अधिवेशन भरले, तेथे उंबरगावकडील काही वारली आले होते, आणि त्यानंतर जिल्ह्याच्या उत्तर भागात वेठीविरुद्ध जो उठाव झाला त्यात बोलणारा स्वतः प्रथम पुरुषात आला. घटना समितीत जयपालसिंह मुंडा ह्यांनी 'बनजाति' ह्या प्रतिशब्दास हरकत घेऊन 'आदिवासी' हाच शब्द मागितला. राज्यघटनेने तो स्वीकारला नाही. कागदावर 'अनुसूचित जमाती' आले, तोंडी 'आदिवासी' राहिले.

मराठीत ह्या घडामोडीस अनुरूप एक सोय आहे, जी हिंदीच्या 'हम'ला नाही. 'आम्ही' म्हणताना ऐकणारा वगळला जातो. 'आपण' म्हणताना तो सामावला जातो. ठाकूर कातकऱ्यास 'आम्ही ठाकूर' म्हणेल, पण वनखात्याच्या शिपायापुढे दोघेही 'आम्ही आदिवासी' म्हणतील आणि सभेत एकमेकांस 'आपण आदिवासी'. नाव तेच, सर्वनाम बदलले की समूहाची कड सरकते. न्यूझीलंडमध्ये 'माओरी' ह्या शब्दाचा मूळ अर्थ 'सामान्य' एवढाच होता. गोरे आल्यावर तो अनेक टोळ्यांचे सामायिक नाव झाला. टोळ्यांची नावे त्यामुळे गेली नाहीत.

सामायिक नावामुळे प्रश्न मिटले असे मात्र नाही. 'ठाकूर' ही उच्चवर्णीयांतही पदवी असल्याने अनुसूचीत ह्या जमातीस एके काळी ठराविक तालुक्यांपुरतीच मान्यता होती. शहापूर व मुरबाड त्यांत होते. म्हणजे माणूस येथे जमातीतला आणि तालुक्याची शीव ओलांडली की नाही! १९७६ च्या कायद्याने हे क्षेत्रबंधन उठले आणि दाखल्यांच्या पडताळणीचे खटले सुरू झाले. अर्जदाराच्या चालीरीती, देवके, बोली जमातीशी जुळतात की नाहीत, ही आप्तसंबंध चाचणी त्यातून आली. जो शिकला आणि शहरात गेला, तोच तीत हमखास नापास होऊ लागला. महाराष्ट्र आदिवासी ठाकूर जमात स्वरक्षण समितीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०२३ रोजी ही चाचणी निर्णायक कसोटी नव्हे असे ठरविले. दावेदार संस्थेच्या नावातच प्रांताचे, सामायिक आणि जमातीचे अशी तिन्ही नावे एकापुढे एक ओवलेली आहेत, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

त्याच वर्षी १५ नोव्हेंबरला विशेष दुर्बल जमातींसाठी केंद्राची जनमन योजना सुरू झाली. महाराष्ट्रातील अशा तीन जमातींत कोलाम व माडिया गोंडांबरोबर कातकरी येतात. ठाकूर व महादेव कोळी येत नाहीत. त्यामुळे घरकुलाच्या अर्जावर खर्डीकडील कातकऱ्यास 'आदिवासी' एवढे लिहून भागत नाही, त्याला पुन्हा 'कातकरी' असे लिहावे लागते.