पेठचा कार्तिक

पेठचे नाव निघाले की नाशिककराच्या डोळ्यांपुढे पाऊस उभा राहतो, आणि ते साहजिकच आहे. आपल्या शहरात वर्षाकाठी सातशे मिलिमीटरांच्या जवळपास पाऊस पडतो. पन्नासएक किलोमीटर पश्चिमेस, सावळघाटापलीकडे गेले की तोच आकडा दोन हजारांच्या घरात जातो. त्यामुळे पेठच्या हवामानाविषयी जे काही लिहिले गेले, ते बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांचे. आमचे म्हणणे थोडे निराळे आहे. तेथील शेतकऱ्याचे वर्ष आषाढात ठरते, पण त्याचा निकाल लागतो कार्तिकात.

हा महिना एकाच रंगाचा नसतो. बलिप्रतिपदेला अजून ऑक्टोबरचा उकाडा रेंगाळत असतो. एखाद्या सायंकाळी ढग जमतात, गडगडतात आणि बहुधा तसेच विरून जातात. तुळशीच्या लग्नापर्यंत वारा फिरलेला असतो. चार महिने समुद्राकडून येणारा ओला वारा थांबतो आणि पूर्वेकडून कोरडा वारा सुरू होतो. आकाश निवळले की दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली उष्णता मोकळ्या आकाशाकडे सोडून देते, थंड झालेली जड हवा डोंगराच्या उतारावरून खाली घरंगळते आणि दऱ्यांत साचते. म्हणूनच पहाटे दमणगंगेच्या खोऱ्यात धुके भरलेले आणि वरची टेकडी मात्र उघडी, असे दृश्य दिसते. पौर्णिमेनंतर थंडी अंगाला झोंबू लागते.

याच दिवसांत शेतात काय असते? नागली, वरई, भात, उडीद, खुरासणी. भात कापून वाळत पडलेले, नागलीची कणसे खुडून ढीग घातलेला, शेणाने सारवलेले खळे तयार. मळणीला ऊन हवे आणि उफणणीला कोरडा वारा हवा. दोन्ही कार्तिक फुकट देतो. शेतात उभे पीक थोड्या पावसाने सहसा मरत नाही. कापलेल्या पिकाला मात्र एक रात्र पुरते. भाताच्या पेंढ्यांना कोंब फुटतात, नागली काळी पडते, बुरशी धरते. नीट वाळलेली नागली कणगीत वर्षानुवर्षे टिकते, अशी तिची ख्याती आहे. पण ते वाळणे याच तीन-चार आठवड्यांवर अवलंबून!

आणि धोका येतो तो समुद्रातून. पेठपासून समुद्र सरळ रेषेत शंभर किलोमीटरांच्या आत आहे, ही गोष्ट आपण घाटावरची माणसे विसरतो. नैर्ऋत्य मोसमी वारे परतल्यानंतर ऑक्टोबर ते डिसेंबर हा अरबी समुद्रातील चक्रीवादळांचा दुसरा हंगाम. त्यांतील बहुतेक वादळे अरबस्तानाकडे जातात किंवा समुद्रातच विरतात. क्वचित एखादे वळून आपल्या किनाऱ्यावर येते. २१-२२ नोव्हेंबर १९४८ रोजी मुंबईला झोडपणारे वादळ असेच आले. ११ नोव्हेंबर २००९ रोजी ‘फयान’ने अलिबाग-मुंबईच्या टापूत किनारा ओलांडला. पंचांग उघडून पाहिले तर दोन्ही दिवस कार्तिक वद्यातले, म्हणजे खळ्यांच्या ऐन दिवसांतले. २६ नोव्हेंबर २०२३ रोजी, कार्तिकी पौर्णिमेच्या तोंडावर, नाशिक जिल्ह्यात गारपीट झाली तेव्हा समुद्रात वादळ नव्हते. वरच्या हवेत पश्चिमेकडून आलेला थंड प्रवाह आणि खालची दमट हवा यांची गाठ पडली होती. त्या वेळी निफाडच्या द्राक्षबागांची छायाचित्रे सर्वांनी पाहिली. बागाईतदाराचे दुःख खरेच होते. पण चार पोती नागली भिजली तर तिचे छायाचित्र निघत नाही, आणि तिचा भाव बाजारात विचारला जात नाही, कारण ती मुळी बाजारासाठी पिकवलेलीच नसते. ती घरची भाकरी असते.

सरासरीची गंमत येथे लक्षात घेण्यासारखी आहे. नोव्हेंबरचा सरासरी पाऊस म्हणून जो लहानसा आकडा छापला जातो, तितका पाऊस जवळजवळ कोणत्याच वर्षी पडत नाही. पुष्कळ वर्षे काहीच नाही, आणि मग एका सायंकाळी सगळा. दोन हजारांच्या बेरजेत हे वीस-तीस मिलिमीटर कोणाच्या गणतीत नसतात.

जुन्या काळी या महिन्याचे दुसरे भय होते, ते तापाचे. १८८३ च्या नाशिक गॅझेटिअरच्या काळात पेठची हवा रोगट समजली जाई. पानगळ कुजते, तिची दूषित हवा अंगात शिरते आणि हिवताप येतो, अशी त्या काळची समजूत. १८९७ मध्ये रोनाल्ड रॉस यांनी हिवतापाचा जंतू डासाच्या शरीरात दाखवला, तेव्हा कोडे उलगडू लागले: पाऊस थांबला, ओढ्यांचे वाहते पाणी डबक्यांत अडले, आणि डासांची सुगी झाली. माणसांची सुगी आणि डासांची सुगी एकाच वेळी यावी, हा तेथील दैवाचा खेळ. कापणीला हात हवेत आणि हात अंथरुणात.

कोरड्या हवेबरोबर वाटाही मोकळ्या होत, हे राजकारणाच्या अभ्यासकांनीही ध्यानात घ्यावे. पेठ तेव्हा संस्थान होते. १८५७ चा उठाव उत्तरेत मे महिन्यात पेटला, पेठ-हरसूलचा डिसेंबरात. हरसूलचा बाजार लुटला गेला, आणि संस्थानावर हक्क सांगणाऱ्या भगवंतरावांना पुढे फाशी झाली. उठावाच्या कारणांत हवामान घालण्याचा आमचा हट्ट नाही. परंतु भाद्रपदात त्या डोंगरांतून ना बंडवाल्यांची टोळी सहज हलली असती, ना तिच्या पाठलागावरची पलटण. नद्यांना उतार पडून दाणा घरात आल्यावरच दोन्ही बाजूंना चालता आले, असे आम्हांस वाटते. १८७८ साली शेवटच्या बेगमसाहेब वारल्या आणि संस्थान खालसा झाले; खळ्यांचे दिवस मात्र होते तेथेच राहिले.

अमावास्या उलटली, मार्गशीर्ष लागला की डोंगऱ्यादेवाचे दिवस येतात. गावोगावी पावरी वाजू लागते, आणि पौर्णिमेपर्यंत रात्री जागतात. तोवर खळे झाडून झालेले असते, आणि कणगीत काय पडले ते घरच्या बाईने सूप हातात घेऊन पाहिलेले असते.