वसईच्या चिखलाचा इतिहास: मीठ, पाखरं आणि नियमातली एक ओळ

वसईचा इतिहास म्हटला की आपल्या तोंडी तीन सालं असतात. १५३४ ला पोर्तुगीजांना वसई मिळाली. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी ती घेतली. १८०२ च्या ३१ डिसेंबरला दुसऱ्या बाजीरावाने इथेच इंग्रजांशी तह केला. तिन्ही गोष्टी किल्ल्याच्या. किल्ल्याभोवती जो मैलोगणती चिखल, खाजण आणि मिठागरं पसरलीयत, त्यांचा इतिहास मात्र कुणी सांगत नाही. सध्या मे चालू आहे, आणि चिखलाची गोष्ट सांगायची तर याच महिन्यात.

गेली वीसेक वर्षं मी या भागातल्या बातम्या करतोय. पक्षीनिरीक्षणाच्या बातम्या दरवर्षी येतात त्या डिसेंबर-जानेवारीत. फ्लेमिंगो आले, बदकं आली, शाळेची सहल गेली, फोटो छापून आला. आशियाई पाणपक्षी गणनाही १९८७ पासून जानेवारीतच होते, कारण स्थलांतरित पक्षी तेव्हा इथे असतात. एप्रिल-मे उजाडला की पाहुणे सायबेरिया, मध्य आशियाकडे निघून जातात आणि आपण दुर्बिणी कपाटात ठेवतो. 'आता काय बघायचं, सगळं सुकलंय.'

सगळं सुकत नाही. पाहुणे गेले की घरचे दिसायला लागतात. शेकाट्या घ्या. काळे पंख, पांढरं अंग आणि काठीसारखे लांब लालगुलाबी पाय. मिठागराच्या दोन कोंड्यांमधल्या अरुंद बांधावर, भर उन्हात, तो अंडी घालतो. टिटवीही तेच करते. तिला तर घरटं असं नसतंच, चार खडे आणि मातीच्या रंगाची चार अंडी. वंचक एरवी मळकट तपकिरी, तो उन्हाळ्यात विणीचे रंग घेतो. गायबगळ्याचं डोकं नारिंगी होतं. काही चिखलपक्ष्यांची पहिल्या वर्षाची पिल्लं मोठ्यांबरोबर परत जात नाहीत, उन्हाळा इथेच काढतात. म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडे पक्षी राहायला येतात आणि उन्हाळ्यात जन्माला येतात. यातलं महत्त्वाचं काय, ते तुम्हीच ठरवा.

आता मीठ. आपली मिठागरं निसर्गाने बनवलेली नाहीत, माणसाने बनवली. उधाणाचं पाणी उघाडीतून आत घ्यायचं, मोठ्या कोंडीत साठवायचं, उन्हाने दाट झालं की पुढच्या कोंडीत सोडायचं, आणि शेवटच्या उथळ कोंडीत मीठ धरायचं. यातली गंमत बघा. एकाच मिठागरात वेगवेगळ्या खोलीचं आणि खारटपणाचं पाणी शेजारी-शेजारी मिळतं. खोल पाण्यात बगळा, गुडघाभर पाण्यात शेकाट्या, नुसत्या ओल्या चिखलात तुतवार. पाखरांसाठी कुणी मुद्दाम आखणी केली असती तरी याहून बरी जमली नसती. आणि ही आखणी टिकली ती दरवर्षी बांध लिंपणाऱ्या हातांमुळे. 'आगर'वरून आगरी समाजाचं नाव सांगितलं जातं ते उगाच नाही.

मीठ आणि पाखरं यांचं नातं भारताच्या इतिहासात एका माणसात एकत्र आलेलं दिसतं. ॲलन ऑक्टाव्हियन ह्यूम. शाळेच्या पुस्तकात आपण त्यांना काँग्रेसचे संस्थापक म्हणून ओळखतो. १८८५ चं पहिलं अधिवेशन मुंबईत, गोवालिया टँकजवळच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत भरलं होतं. पण त्याआधी, १८६७ ते १८७०, हेच ह्यूमसाहेब अंतर्देशीय जकात खात्याचे आयुक्त होते. मिठाची चोरटी वाहतूक रोखण्यासाठी इंग्रजांनी देशभर शेकडो मैलांचं काटेरी कुंपण वाढवलं होतं, ते त्यांच्या ताब्यात होतं. आणि हेच ह्यूम भारतातल्या पक्षीशास्त्राच्या आद्य पुरुषांपैकी एक. १८७३ पासून निघालेल्या त्यांच्या घरटी आणि अंड्यांवरच्या ग्रंथात दिल्लीजवळच्या सुलतानपूर मिठागरातल्या शेकाट्यांच्या वसाहतीचं सविस्तर वर्णन आहे. कोंड्यांमधल्या बांधांवर, चुन्याचे तुकडे रचून केलेली घरटी. ऋतू अर्थातच उन्हाळा. दीडशे वर्षांपूर्वीची ती नोंद वाचताना मला आपले नायगावचे बांध दिसतात.

पुढे १९३० च्या उन्हाळ्यात याच काँग्रेसने मिठाचा सत्याग्रह केला. आपल्या बाजूला वडाळा, तळकोकणात शिरोडा. सत्याग्रह उन्हाळ्यातच शोभला, कारण मीठ पिकतं ते याच दिवसांत.

त्याच दशकात सालिम अली आणि हुमायून अब्दुलअली यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात मुंबई आणि साष्टीच्या पक्ष्यांवर लेखमाला लिहिली. त्या नावातच हद्द आहे. साष्टी वसईच्या खाडीपाशी संपते. भाईंदरचा काठ नावात आला, समोरचा आपला काठ राहिला. आजही मुंबईच्या पक्ष्यांवर बोलताना आपलं नाव शेवटी येतं.

आता मुद्द्यावर येतो. पाणथळ जागांसाठीचा आंतरराष्ट्रीय करार २ फेब्रुवारी १९७१ ला इराणमधल्या रामसर गावी झाला. भारत त्यात १९८२ पासून आहे. त्या करारातल्या वर्गवारीत मिठागर ही मानवनिर्मित पाणथळ जागा म्हणून स्पष्ट नोंदलेली आहे. पण आपल्या केंद्र सरकारच्या २०१७ च्या पाणथळ नियमांतली व्याख्या बघा. त्यात भातशेती वगळली, पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले तलाव वगळले, आणि मत्स्यशेती, मीठ उत्पादन, मनोरंजन, सिंचन यासाठी खास बांधलेल्या रचनाही वगळल्या. म्हणजे शेकाट्या ज्या बांधावर अंडी घालतो, तो बांध या नियमांच्या लेखी पाणथळात मोडत नाही. कांदळवन असेल तर उच्च न्यायालयाचे २००५ आणि २०१८ चे आदेश पाठीशी आहेत, खाडीकाठी सीआरझेडची बंधनं आहेत. पण उघडं मिठागर 'पाणथळ' म्हणून वाचवा म्हणायला गेलात, तर ही एक ओळ तुमच्यापुढे सरकवली जाईल.

'मग माणसाने बनवलेलं वाचवायचंच कशाला?' असा प्रश्न येईलच. ह्यूमने ज्या सुलतानपुरात शेकाटे पाहिले, तिथलं मीठ कधीच थांबलं. पण त्या परिसरात आज राष्ट्रीय उद्यान आहे आणि २०२१ पासून ते रामसर स्थळ आहे. गुजरातमधलं खिजडिया नवानगर संस्थानाने खारं पाणी अडवायला घातलेल्या बांधामुळे तयार झालं, तेही रामसर स्थळ आहे. आपल्या शेजारची ठाणे खाडी २०१५ ला फ्लेमिंगो अभयारण्य झाली आणि २०२२ ला रामसर यादीत गेली. तुंगारेश्वरचं जंगल २००३ पासून अभयारण्य आहे. डोंगर राखला, पलीकडची खाडी राखली, मधला चिखल तेवढा बेवारस.

आणि हा विषय फक्त पाखरांचा नाही. जुलै २०१८ आठवा. नालासोपाऱ्यात रुळांवर पाणी, गाड्या जागच्या जागी उभ्या, मिठागराच्या वस्तीतली माणसं पाण्यात अडकलेली. २०११ च्या जनगणनेत आपल्या महापालिका क्षेत्राची लोकसंख्या १२ लाख २२ हजार होती, आता ती कुठे गेली असेल ते लोकलमध्ये चढताना कळतं. एवढ्या वस्तीचं पावसाचं पाणी भरतीच्या वेळी थांबणार कुठे? आजवर ते या सखल जागांत थांबत होतं. भराव पडतो तोही उन्हाळ्यातच, जमीन कडक असते तेव्हा. पक्षीगणना जानेवारीत, डंपर मेमध्ये. अंड्यांची नोंद होण्याआधीच बांध गायब.

गावातल्या बावखलांचंही तेच. पावसाचं गोडं पाणी धरणारी ही वाडीतली छोटी तळी. देशाच्या पाणथळ नकाशात सव्वादोन हेक्टरांपेक्षा मोठ्या जागांचीच स्वतंत्र मोजणी झाली. त्या मापात बावखल बसत नाही. पण खंड्या आणि पाणकोंबडी माप विचारत नाहीत. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसईच्या चळवळीने जे पाणी, जी हिरवाई वाचवण्यासाठी रान उठवलं होतं, त्याचाच हा शिल्लक भाग आहे.

एक बाजू मिठागरवाल्यांचीही आहे, ती लपवून चालणार नाही. मजूर मिळत नाहीत, मिठाला भाव नाही. नुसता 'संरक्षित' असा फलक लावून पाखरं टिकत नाहीत. बांधाला खांड पडली आणि कुणी लिंपली नाही, तर दोन-चार वर्षांत पाण्याचा सगळा खेळ बिघडतो. म्हणून मागणी करायची तर दोन्ही एकत्र करावी लागेल: जागेला संरक्षण आणि मीठ पिकवणाऱ्याला आधार. नियम केंद्राचे आहेत, पण आपल्या हद्दीतल्या मिठागरांची आणि बावखलांची पक्ष्यांसह नोंद करायला महापालिकेला कुणी अडवलेलं नाही. ती नोंद मे महिन्यात व्हावी, एवढंच म्हणणं आहे.

तोवर आपण काय करू शकतो? सकाळी नऊच्या आत जा, बांधावर चढू नका, रस्त्यावरूनच बघा. टिटवी डोक्यावर येऊन ओरडायला लागली तर अपशकुन समजू नका, जवळ अंडी आहेत असं समजा आणि मागे फिरा. आई-बाप उडाले की भर उन्हात अंडी भाजायला वेळ लागत नाही, त्यामुळे घरट्याचा फोटो नको. तारीख, जागा आणि संख्या वहीत लिहा. उद्या सुनावणीत तीच वही कामाला येईल.

आणि एक विनंती. टिटवीने उंचावर अंडी घातली की पाऊस जास्त, असं आपली जुनी माणसं सांगायची. वाडवळी, सामवेदी, आगरी, कोळी बोलीत या पाखरांची स्वतःची नावं आहेत. घरात आजी-आजोबा असतील तर आज विचारा आणि इथे खाली लिहा. ज्याला नाव असतं, त्याच्यावर भराव टाकताना निदान कुणीतरी विचारतं, 'अरे, इथे काय होतं?'